पक्ष, साध्य, सिद्धता आणि एक नवी रायफल

(माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सूत्रसंचालक बाईंनी माझी ओळख 'उद्योजक' अशी करून दिली. घरी सांगितलं तर बायको हसेल. कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझी एक टूलरूम आहे. तीन लेथ, एक मिलिंग मशीन, पाच माणसं आणि मी. साचे, जिग, फिक्श्चर करणं हे माझं काम. गेली काही वर्षं शनिवारी दुपारी मी शाळेतल्या नेमबाजीच्या मुलांकडे बघतो, एवढ्याच कारणानं आज मला इथं उभं केलंय.

मागच्या मेळाव्यात आपण सगळ्यांनी वर्गणी काढली आणि शाळेला एक नवी अचूक एअर रायफल घेऊन दिली. जर्मन बनावटीची, दहा मीटरच्या स्पर्धेची. पैसे कुठं गेले त्याचा हिशेब खजिनदारांनी छापून दिलाच आहे. पण त्या रायफलचं पुढं काय झालं, हा हिशेब माझ्याकडे आहे. तो फारसा शोभेचा नाही. म्हणूनच तो इथं द्यावा असं मला वाटलं.

रायफल आली त्या दिवशी मुख्याध्यापकांच्या खोलीत खोकं उघडलं. नारळ फोडला. आत फोममध्ये चपखल बसवलेली, चकाकणारी ती वस्तू बघून सगळ्यांचे डोळे मोठे झाले. जुन्या सुतारकामाच्या वर्गात आता आपली रेंज आहे. तिथं ती नेली. जमलेल्या प्रत्येकानं एकेक गोळी मारून बघितली. कुणाला दंड मोठा हवा, कुणाला गाल टेकायला जागा उंच हवी. मी टूलरूमचा माणूस. हातात षट्कोनी किल्ल्यांचा संच. मला राहवतंय होय! ज्याला जसं हवं तसं सैल कर, सरकव, आवळ. संध्याकाळी सगळे गेल्यावर मी एकटा थांबलो आणि रायफल माझ्या अंगाला नीट जुळवून घेतली. बट मागं ओढला, गालाची पट्टी वर घेतली, ट्रिगर जितका हलका होतो तितका हलका केला, सोबत आलेली सगळी वजनं नळीवर चढवली. मग दहा गोळ्या मारल्या. काय सुंदर बसल्या! माझी छाती फुगली. मी कुलूप लावून घरी गेलो.

त्या संध्याकाळी मी किमान वीस स्क्रू हलवले असतील. त्यातला एकही मूळ कुठल्या आकड्यावर होता, ते मी लिहून ठेवलं नव्हतं.

आपल्या सगळ्यांना भूमितीचे सर आठवत असतील. फळ्यावर आडवी रेघ मारायचे आणि म्हणायचे, "आधी पक्ष लिहा." पक्ष म्हणजे राजकारणातला नव्हे, दिलेलं काय आहे ते. मग साध्य, म्हणजे काय मिळवायचं आहे ते. त्यानंतर सिद्धता. पक्ष न लिहिता कुणी थेट सिद्धता सुरू केली की सर खडू फेकून मारायचे. त्यांचा नेम आपल्या रेंजवरच्या कुठल्याही मुलापेक्षा चांगला होता, हे मी स्वतःच्या कपाळावरून सांगू शकतो. तर त्या संध्याकाळी मी पक्ष लिहिला नाही. पुढचे तीन महिने मी त्याचा खडू खाल्ला.

आता त्या मुलीबद्दल. तिचं नाव मुद्दाम घेत नाही, तिला संकोच होतो. ती तेव्हा नववीत होती. गावाहून एसटीनं यायची. वडील साखर कारखान्यात हंगामी कामाला. अंगानं बारीक, उंची पाच फूट एक इंच. रेंजवरच्या जुन्या रायफलवर शिकली. बाजूचा दांडा ओढून हवा भरायची ती रायफल एका जुन्या नेमबाजानं शाळेला दिलेली. दर रविवारी आम्ही शहरातल्या रेंजवर जातो, तिथं इलेक्ट्रॉनिक टार्गेट आहे. जुन्या रायफलवर साठ गोळ्यांत तिचे ५९१ च्या आसपास गुण व्हायचे. नवी रायफल हातात आल्यावर पहिल्या रविवारी ५८२ झाले. मी म्हटलं, नवीन आहे, सवय होईल. दुसऱ्या रविवारी ५८०. तिसऱ्या रविवारी ५७९.

त्या दिवशी परत येताना ती गाडीत काही बोलली नाही. एसटी स्टँडवर उतरताना म्हणाली, "काका, मला जुनीच द्या की."

मित्रांनो, आपण सगळ्यांनी मिळून अडीच लाखांच्या घरातली वस्तू शाळेला दिली होती, आणि जिच्यासाठी दिली ती पोरगी हात जोडून सांगत होती की ही नको. बातमी फुटलीच. आपल्या बॅचच्या ग्रुपवर एकानं लिहिलं, 'नाचता येईना, अंगण वाकडं.' ज्यानं लिहिलं तो आज पहिल्या रांगेत बसला आहे. राग नाही. उलट त्या म्हणीनंच मला वाट दाखवली. कारण आमच्या धंद्यात ही म्हण चालत नाही. जॉब चुकला की आम्ही कारागिराला बोल लावण्याआधी मशीनला डायल लावून बघतो. अंगण खरोखरच वाकडं असू शकतं. नाच येत नाही असं कुणाला म्हणायचं असेल तर आधी अंगण मोजावं लागतं.

पुढं जाण्याआधी या खेळातली मापं सांगतो, म्हणजे भांडण किती बारीक होतं ते कळेल. दहा मीटरवर जे टार्गेट असतं ते सगळं मिळून साडेपंचेचाळीस मिलिमीटर व्यासाचं. त्यातला काळा भाग साडेतीस मिलिमीटर. आणि मधला दहाचा ठिपका केवढा? अर्धा मिलिमीटर. पेन्सिलीनं दिलेला टिंब. छर्रा साडेचार मिलिमीटरचा असतो, त्यामुळे त्याची कड ठिपक्याला लागली तरी दहा मिळतात. पण आता गुण दशांशात मोजतात. एका गोळीला जास्तीत जास्त १०.९. साठ गोळ्यांचे ६५४. आणि प्रत्येक दशांश म्हणजे केंद्रापासून पाव मिलिमीटर.

आता तिचा हिशेब करा. ५९१ वरून ५७९, म्हणजे बारा गुण गेले. साठ गोळ्यांत वाटले तर गोळीमागे दोन दशांश. म्हणजे तिची प्रत्येक गोळी सरासरी अर्धा मिलिमीटर लांब पडत होती. टार्गेटवर अर्धा मिलिमीटर म्हणजे रायफलच्या तोंडाशी किती? मी कागदावर गणित मांडलं. साधारण चार शतांश मिलिमीटर. डोक्याच्या केसाच्या जाडीहूनही कमी. एवढी चूक त्या पोरीच्या मनातून आली, की तिच्या खांद्यातून, की छऱ्यातून, की मी फिरवलेल्या वीस स्क्रूंमधून, हे नुसतं बघून ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं.

म्हणून ठरवलं, सगळं शून्यावर न्यायचं. माहितीपुस्तिका काढली. दोनशे पानी वही आणली. पहिल्या पानावर सगळ्या पट्ट्यांवरचे, सगळ्या खुणांचे आकडे लिहिले. उशिरा का होईना, पक्ष लिहिला. आणि वहीच्या पुठ्ठ्यावर एक नियम लिहिला: एका आठवड्यात एकच बदल.

पहिलं काम, माणूस बाजूला काढणं. वर्कशॉपमध्ये जुन्या व्हाइसला चामड्याचे जबडे लावून एक शिकंजा बनवला. नळीला किंवा हवेच्या नळकांड्याला न दाबता रायफल तिच्या धडाला घट्ट धरली. मग दहा गोळ्या. कुणी नेम धरत नाही, कुणाचा श्वास नाही, कुणाचं हृदय धडधडत नाही. सगळे छर्रे एकाच भोकात जायला हवेत. गेले नाहीत. बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत भोक आठ मिलिमीटरचं झालं.

म्हणजे अंगण खरंच वाकडं होतं!

कारण शोधायला लागलो. धड आणि दस्ता जोडणारा एक बोल्ट हाताला सैल लागला. तो कुणी सैल केला? मीच. खोकं उघडलं त्या दिवशी आतली रचना वर्गमित्रांना दाखवण्याच्या हौसेत मी तो काढला होता आणि परत अंदाजानं आवळला होता. टूलरूमच्या माणसानं टॉर्क पाना न वापरता अंदाजानं आवळला, हे मी आज जाहीर कबूल करतो. पुस्तिकेत दिलेल्या मापानं तो आवळला. भोक साडेसहावर आलं.

मग छर्रे. साधारण अर्ध्या ग्रॅमचा, चपट्या डोक्याचा शिशाचा छर्रा. तोंडाकडचा व्यास डब्यावर छापलेला असतो: ४.४९, ४.५०, ४.५१. हा शतांशाचा फरक नळीला कळतो. शिवाय एकाच मापाच्या दोन घाण्यांतले छर्रेही सारखे नसतात. रायफलबरोबर आम्हाला एक डबा भेट मिळाला होता, आम्ही तोच वापरत होतो. दान मिळालेल्या गाईचे दात मोजू नयेत म्हणतात, पण छऱ्यांचे मोजावे लागतात. ओळखीच्या नेमबाजांकडून चार वेगवेगळ्या घाण्यांचे थोडे थोडे छर्रे मागून आणले. प्रत्येकाच्या दहा-दहा गोळ्या शिकंजातून मारल्या. एका डब्यानं भोक साडेपाच मिलिमीटरचं केलं. साडेचारचा छर्रा दहा वेळा गेला आणि भोक फक्त एका मिलिमीटरनं मोठं झालं. त्याच घाण्याचे डबे घेतले. आता रायफलला बोलण्याची सोय उरली नाही. यापुढं जे काही चुकेल ते रायफल आणि माणूस यांच्या जुळणीत, किंवा माणसात.

यात तीन आठवडे गेले. मध्येच एक निवड स्पर्धा आली. माझ्यापुढं प्रश्न: तिला कुठली रायफल द्यायची? नवीतलं निम्मं काम झालेलं. मन म्हणत होतं, वर्गणीदारांना दाखवायला तरी नवी दे. पण अर्धवट जुळवलेली वस्तू पोरीच्या हातात देऊन तिची परीक्षा घेणं बरोबर नव्हतं. तिला जुनी दिली. तिनं ५९२ केले. निवड सात दशांशांनी हुकली. माझ्या त्या पहिल्या संध्याकाळीच वही उघडली असती, तर तीन महिने वाचले असते. सात दशांश म्हणजे अख्ख्या साठ गोळ्यांत एकच गोळी पावणेदोन मिलिमीटर आत. हा हिशेब मी मुद्दाम सांगतोय. हौसेची किंमत कुणीतरी दुसरं मोजतं.

ती रडली नाही. सोमवारी येऊन म्हणाली, "काका, आता नवीचं बघूया."

मग दुसरा टप्पा. अंगाला रायफल. इथं बहुतेकांची गल्लत होते, माझीही झाली होती. आपण रायफल खांद्याला लावतो आणि मग मान, पाठ, कंबर वाकवून तिच्याशी जुळवून घेतो. दोन-चार गोळ्या चालून जातात. पण साठ गोळ्यांना सव्वा तास असतो. पाच किलोच्या आसपासचं ओझं उचलून सव्वा तास वाकडं उभं राहिलं की स्नायू थरथरायला लागतात. उलट करायचं. आधी माणूस नीट उभा राहिला पाहिजे. पाय किती अंतरावर, डावं कोपर कमरेच्या हाडावर कुठं टेकतं, मान सरळ आहे का, हे रायफलशिवाय ठरवायचं. रायफलचं वजन हाडांवरून जमिनीत गेलं पाहिजे, दंडावर नाही. डोक्यावर घागर घेऊन चालणाऱ्या बायका बघा, त्या मानेचा जोर लावत नाहीत, तोल लावतात. माणूस असा उभा राहिला की मग रायफल त्याच्यापर्यंत आणायची.

माझी उंची पाच फूट दहा. मी बट माझ्या मापानं मागं ओढला होता. तो तिला इतका लांब पडत होता की ती कंबरेतून मागं रेलायची. तो आत घेतला. हा एक आठवडा. पुढच्या आठवड्यात बटाची उंची: रायफल डोळ्यापर्यंत आली पाहिजे, डोकं रायफलपर्यंत खाली जाता कामा नये. तिसऱ्या आठवड्यात गालाची पट्टी. तिला डोळे मिटून गाल टेकायला सांगायचं आणि मग उघडायला सांगायचं. डोळा मागच्या दर्शकाच्या छिद्रातून सरळ बघत असेल तर पट्टी बरोबर. डोळा उघडल्यावर मान हलवावी लागली तर पट्टी चूक. चौथ्या आठवड्यात नळीवरची वजनं. माझ्या बेचाळीस इंची छातीच्या हिशेबानं चढवलेली सगळी वजनं उतरवली आणि एकच ठेवलं.

आणि रोज एक परीक्षा. पवित्रा घ्यायचा, डोळे मिटायचे, दोन श्वास सोडायचे, डोळे उघडायचे. नेम काळ्यावर आहे का? उजवीकडे गेला असेल तर हातानं ओढून आणायचा नाही. मागचा पाय किंचित सरकवायचा. हातानं ओढलेला नेम गोळी सुटताना परत जागेवर जातो. गोळीला टार्गेटपर्यंत पोचायला सेकंदाचा साधारण सतरावा भाग लागतो, आणि त्याच्या आधी नळीतून बाहेर पडायलाही काही क्षण जातात. तेवढ्यात अंग खरं काय ते बोलून जातं.

तिसरा टप्पा, नेम धरायची साधनं. पुढच्या दर्शकात एक कडं असतं. त्या कड्याच्या मधोमध काळा गोल दिसायला हवा, भोवती पांढरी किनार. मी सगळ्यात लहान कडं घातलं होतं. मला वाटलं, जितकं घट्ट तितकं अचूक. मशीनवर ते खरं आहे, डोळ्याला नाही. पांढरी किनार इतकी बारीक झाली की तिला काळा कड्याला चिकटलेलाच दिसायचा. जरा हललं की पोरगी घाबरायची आणि धरूनच ठेवायची. मोठं कडं घातलं, तसं तिचं धरून ठेवणं पंधरा सेकंदांवरून आठवर आलं.

आणि क्लिक. मागच्या दर्शकाला बारीक चाकं असतात, एक क्लिक फिरवलं की गोळी अंशभर सरकते. मला खोड अशी की एक गोळी उजवीकडे गेली की लगेच दोन क्लिक डावीकडे. पुढची डावीकडे गेली की परत उजवीकडे. कुत्रं शेपटीमागं धावतं तसं. वहीत लिहिलं: पाच गोळ्या झाल्याशिवाय चाकाला हात लावायचा नाही, पाचांचा मध्य बघायचा, एकट्या चुकार गोळीचं ऐकायचं नाही.

शेवटचा टप्पा ट्रिगर. हा मी मुद्दाम शेवटी ठेवला, कारण अंग स्थिर नसेल तर बोटाची चूक कळतच नाही. या खेळात ट्रिगरला दोन टप्पे असतात. पहिला टप्पा मऊ, मग बोटाला एक भिंत लागते, आणि त्या भिंतीवर थोडा जास्त दाब दिला की गोळी सुटते. मी ट्रिगर इतका हलका केला होता की बोट टेकतं न टेकतं तोच गोळी जायची. मला तो कौतुकाचा विषय वाटला. तिला मात्र त्याची भीती बसली होती. बोट ट्रिगरजवळ नेतानाच ती दचकायची. हे तिनं मला तीन महिन्यांत सांगितलं नव्हतं. का? तर काकांनी एवढं हौसेनं केलंय, त्यांना वाईट वाटेल म्हणून! वहीत एक रकाना तिच्यासाठी ठेवला होता, 'कसं वाटलं' असा. तिथं तिनं एका शनिवारी पेन्सिलीनं लिहिलं, 'ट्रिगरची भीती वाटते.' शाळेतल्या शिक्षकांनो, मुलं तोंडानं जे सांगत नाहीत ते कागदावर सांगतात, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल.

ट्रिगर शंभर ग्रॅमच्या आसपास आणला. हातात दोन लिंबं घेतलीत तर तेवढं वजन. त्यातला बराचसा दाब पहिल्या टप्प्यात ठेवला, म्हणजे बोट निवांत टेकून राहील. ट्रिगरची पाटी थोडी मागं घेतली, कारण तिची बोटं आखूड. बोटाच्या पेराचा मऊ भाग टेकला की दाब सरळ मागं जातो. टोक टेकलं की बाजूला. मग छर्रा न घालता, तोंड टार्गेटकडे ठेवून, दस्त्याला हातानं ठोके देऊन बघितलं की ट्रिगर आपोआप सुटत नाही ना. ही तपासणी कधीही टाळायची नाही. ही साडेसात ज्यूल ताकदीची एअर रायफल असली तरी खेळणं नाही. गोळी मारायची नसेल तेव्हा नळीतून नारिंगी दोरी आरपार घातलेली असते, हा आपल्या रेंजचा पहिला नियम आहे.

आता साध्य. रविवारचे आकडे वाचून दाखवतो: ५८४, ५८८, ५८७, ५९३, ५९१, ५९८. बघा, दोनदा खाली आले आहेत. त्या दोन्ही वेळी मला परत सगळं फिरवायची हुक्की आली होती. वहीनं थांबवलं. एक बदल केला की अंगाला तो ओळखायला दिवस लागतात, आणि पहिल्या दिवशीचा आकडा खोटं बोलू शकतो. सहा आठवड्यांनी तिनं ६०४ केले. त्या दिवशीही ती एसटी स्टँडवर उतरताना काही बोलली नाही. फक्त खोक्याकडे बघून म्हणाली, "काका, हिला पावसात नीट ठेवा." पुढच्या वर्षीच्या निवडीत तिचं नाव होतं.

आता दुसरा प्रश्न, आणि तो शाळेचा आहे. रायफल एक, मुलं चार. एकीच्या अंगाला जुळवली की बाकी तिघांची वाकडी. यावर उत्तर कोल्हापूरकरांनी पॅरिसहून येताना बघितलं आहे. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर रायफल थ्री पोझिशनचं कांस्य मिळवलं. आपण सगळ्यांनी फटाके वाजवले. पण त्या खेळात गुडघ्यावर बसून, पोटावर झोपून आणि उभं राहून अशा तीन पवित्र्यांत गोळ्या मारायच्या असतात. प्रत्येक पवित्र्याला अंग वेगळं, म्हणून रायफलची मांडणी वेगळी. पवित्रा बदलला की नेमबाज स्पर्धेच्या मधेच मांडणी बदलतो, घड्याळ चालू असताना. एका माणसाच्या तीन अंगांना एक रायफल जुळत असेल, तर चार मुलांना का नाही? फक्त प्रत्येक मांडणीचे आकडे माहीत पाहिजेत.

तर आता प्रत्येक मुलाचं एक कार्ड आहे. पोस्टकार्डाएवढं, लॅमिनेट केलेलं. त्यावर बटाची लांबी, उंची, गालाची पट्टी, दर्शकाचे क्लिक, कड्याचं माप, ट्रिगरची पाटी. मूल रेंजवर आलं की कार्ड टांगतं, स्वतः पाच मिनिटांत आकडे लावतं, दुसरं मूल तपासतं. आठवीतला एक मुलगा, ज्याला गणितात कायम लाल शेरा, तो आता दशांश अपूर्णांकाची वजाबाकी तोंडी करतो. भूमितीच्या सरांनी हे बघायला हवं होतं.

कोल्हापुरात दुधाळीची रेंज आहे. तेजस्विनी सावंत आणि राही सरनोबत याच मातीतल्या. तेजस्विनीताईंनी २०१० साली म्युनिकला जागतिक विजेतेपद मिळवलं. ठाण्याच्या रुद्रांक्ष पाटील यांनी २०२२ मध्ये कैरोला दहा मीटर एअर रायफलचं जागतिक विजेतेपद मिळवलं. आपल्या शाळेतून असं कुणी निघेल की नाही, हे मी सांगू शकत नाही, आणि ते आमचं पहिलं साध्यही नाही. मुलाला स्वतःची चूक दुसऱ्यावर न ढकलता आणि दुसऱ्याची चूक स्वतःवर न ओढता शोधता यावी, एवढं झालं तरी वर्गणी फिटली.

आता मागणं. भाषण मागण्याशिवाय संपलं तर तो मेळावा कसला! दुसरी रायफल मला आत्ता नको आहे. मला पाहिजेत त्या तीन बिनचकाकीच्या वस्तू. एक, छर्रे, चांगला घाणा सापडला की वर्षभराचे डबे एकदम घ्यावे लागतात, नंतर तोच घाणा मिळत नाही. दोन, हवेच्या नळकांड्यासाठी राखीव रक्कम. दोनशे बार दाबाची ती वस्तू आहे, तिच्यावर मुदत कोरलेली असते आणि मुदत संपली की कितीही नवी दिसली तरी ती बदलायचीच. तीन, कोल्हापूरच्या पावसासाठी एक हवाबंद कपाट. ओलीत शिशाच्या छऱ्यांवर पांढरी भुकटी येते आणि तीन आठवड्यांची मेहनत डब्यात सडते.

आणि पैसे द्यायचे नसतील तर एका शनिवारी दुपारी या. जुन्या सुतारकामाच्या वर्गाचं दार उघडं असतं. एकच अट: खोक्याशेजारी वही ठेवलेली असते. एकही स्क्रू फिरवण्याआधी तो कुठं होता ते तिच्यात लिहायचं. पहिलं पान माझं आहे. त्यावर लाल शाईत 'पक्ष लिहिला नाही' असा शेरा मीच मारून ठेवला आहे. सही मात्र सरांची नाही, त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याची आहे.